हर्पिसच्या अहवालातील शब्द : जननेंद्रियाच्या हर्पिसविषयक वैद्यकीय संज्ञांचा अर्थ

बीजशब्द : हर्पिस सिम्प्लेक्स, सुप्तावस्था, पुनरुद्भव, लक्षणरहित विषाणुस्राव, आयजीजी, टॉर्च तपासणी

प्रस्तावना

लागोपाठ दोन वेळा गर्भपात झालेल्या स्त्रीला पुष्कळदा 'टॉर्च' नावाची रक्ततपासणी करण्यास सांगितले जाते. दोन दिवसांनी छापील अहवाल हाती येतो. त्यातील एका ओळीत 'हर्पिस सिम्प्लेक्स आयजीजी' या शब्दांपुढे ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह' असे छापलेले असते. डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशीची असते. मधल्या रात्री घरातील कोणीतरी तो शब्द मोबाइलवर शोधतो आणि 'लैंगिक संबंधातून पसरणारा, बरा न होणारा आजार' एवढे वाचून थांबतो. त्यानंतर त्या घरात जे घडते ते कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही. संशय बहुधा प्रथम स्त्रीवरच घेतला जातो. वस्तुतः त्या ओळीचा अर्थ पुष्कळ वेळा एवढाच असतो की, या स्त्रीच्या शरीराचा पूर्वी केव्हातरी, कदाचित बालपणीच, एका अत्यंत सर्वसामान्य विषाणूशी संबंध आला होता.

वैद्यकीय संज्ञा आणि तिचा व्यवहारातील अर्थ यांमध्ये जे अंतर असते ते या व्याधीच्या बाबतीत विशेषच मोठे आहे. जननेंद्रियाच्या हर्पिससंबंधी अहवालांत, औषधचिठ्ठीवर व डॉक्टरांच्या बोलण्यात वारंवार येणाऱ्या संज्ञांचा नेमका अर्थ काय, आणि त्यांतून कोणता अर्थ काढणे योग्य नाही, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. निदान व उपचार हे अर्थातच तज्ज्ञांचे क्षेत्र होय; परंतु अहवाल प्रथम वाचतो तो रुग्णच, हेही तितकेच खरे.

नावातील गोंधळ

'हर्पिस' हा शब्द मूळ ग्रीक भाषेतील असून त्याचा धात्वर्थ 'सरपटणे' असा आहे. भाषाशास्त्रदृष्ट्या हा धातू व संस्कृतमधील 'सृप्' हा धातू एकाच कुळातील आहेत. म्हणजे 'हर्पिस' आणि 'सर्प' हे दूरचे भाऊबंदच. मराठीत अंगावर पट्ट्यासारख्या उठणाऱ्या फोडांना 'नागीण' म्हणतात, हा योगायोग मौजेचा खरा. मात्र त्यातूनच पहिला गैरसमज जन्मास येतो. नागीण म्हणजे 'हर्पिस झोस्टर'. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो व त्याचा लैंगिक संबंधाशी काहीही संबंध नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला आजार 'हर्पिस सिम्प्लेक्स' या वेगळ्या विषाणूमुळे होतो. दोन्ही विषाणू एकाच कुटुंबातील आहेत, एवढेच त्यांचे नाते. 'परिसर्प' हा संस्कृतनिष्ठ पर्यायही सुचविला गेला आहे. पण तो दवाखान्यात कोणी वापरत नाही, म्हणून येथे 'हर्पिस' हाच शब्द योजला आहे.

जुन्या मराठीत 'गरमी' व 'परमा' हे शब्द अनुक्रमे सिफिलिस व गनोरिया यांसाठी रूढ होते. हर्पिससाठी असा स्वतंत्र लोकशब्द रूढ न झाल्याने तो 'गुप्तरोग' या एकाच गाठोड्यात टाकला गेला. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर रंगविलेल्या जाहिरातींनी या शब्दाला जी छटा दिली आहे, ती पाहता तो वैद्यकीय लेखनातून बाद व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जे गुप्त ठेवावयाचे असते त्यावर वेळेवर उपचार होत नाहीत.

विषाणू व त्याचे दोन प्रकार

अहवालात 'एचएसव्ही-१' व 'एचएसव्ही-२' अशी अक्षरे दिसतात. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचे हे दोन प्रकार होत. तापानंतर ओठाच्या कडेला उठणारे बारीक फोड हे सामान्यतः पहिल्या प्रकाराचे काम असते. हा विषाणू बहुधा बालपणीच, घरातील मोठ्यांच्या लाळेतून किंवा त्यांनी घेतलेल्या पाप्यांतून शरीरात प्रवेश करतो. दुसरा प्रकार मात्र जवळजवळ सर्वस्वी लैंगिक संबंधातूनच पसरतो.

आकडे पाहिल्यास या व्याधीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालाच्या अंदाजानुसार जगातील पन्नास वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात, म्हणजे त्या वयोगटातील ६४ टक्के लोकांत, एचएसव्ही-१ वास करून आहे. १५ ते ४९ या वयोगटात एचएसव्ही-२ चा संसर्ग असलेल्यांची संख्या सुमारे ५२ कोटी आहे. ज्या ओळीमुळे एका घराची झोप उडते, ती ओळ जगातील निम्म्याहून अधिक लोकांच्या अहवालात छापली जाऊ शकेल.

तथापि 'पहिला प्रकार तोंडाचा, दुसरा प्रकार जननेंद्रियाचा' ही विभागणी पूर्णांशाने खरी नाही. मुखमैथुनाद्वारे एचएसव्ही-१ जननेंद्रियांपर्यंत पोहोचतो व तेथेही तसेच फोड निर्माण करतो. म्हणून अहवालातील 'प्रकार १' हा शब्द विषाणूचा प्रकार सांगतो, शरीरातील जागा सांगत नाही. रक्ततपासणीवरून ही जागा कळूच शकत नाही.

लक्षणांची भाषा

केसपेपरवर 'व्हेसिकल' व 'अल्सर' हे शब्द येतात. व्हेसिकल म्हणजे पाण्याने भरलेला बारीक फोड; तो फुटला की जी उघडी, दुखरी जागा राहते तिला अल्सर किंवा व्रण म्हणतात. काही दिवसांनी तिच्यावर खपली धरते. हर्पिसचे फोड बहुधा पुंजक्याने येतात व त्यांची आग होते. सिफिलिसचा व्रण सामान्यतः एकच, कठीण व न दुखणारा असतो. व्यवहारात हा भेद नेहमीच इतका स्वच्छ नसतो. त्यामुळे व्रण दिसल्यास सिफिलिस व एचआयव्हीची तपासणीही केली जाते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, म्हणजे नॅकोने, लक्षणांवरून उपचार ठरविण्याची जी पद्धत भारतात रुजविली तिच्यात 'हर्पिसजन्य व्रण' व 'इतर व्रण' असे दोन वेगळे गट केले व प्रत्येकासाठी निराळ्या रंगाचे औषधांचे किट तयार केले. त्यांतील हर्पिसचे किट लाल रंगाचे.

'इन्क्युबेशन पिरियड' म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ. हर्पिसमध्ये तो साधारणतः २ ते १२ दिवसांचा असतो. 'प्रोड्रोम' म्हणजे पूर्वसूचना : फोड येण्याआधी काही तास किंवा एक-दोन दिवस त्या जागी मुंग्या येणे, चुरचुरणे, कंबरेपासून मांडीपर्यंत कळ येणे. 'इंग्वायनल लिम्फॅडेनोपॅथी' हा भयप्रद शब्द ज्या गोष्टीसाठी वापरला जातो तिला आपण जांघेत अवधाण येणे म्हणतो.

स्त्रियांच्या बाबतीत एक बाब आवर्जून नमूद करावीशी वाटते. व्रण गर्भाशयमुखावर असल्यास तो दिसत नाही. बाहेरच्या भागावर केवळ बारीक चीर पडली असेल तर ती बुरशीचा संसर्ग समजली जाते, आणि लघवीच्या वेळी होणारी आग मूत्रमार्गाच्या संसर्गात जमा होते. त्यामुळे प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स घेतले जातात व मूळ व्याधी तशीच राहते.

'पहिला प्रसंग' म्हणजे 'नवा संसर्ग' नव्हे

संज्ञांच्या गैरसमजातून होणारी सर्वांत मोठी हानी या मुद्द्यावर होते, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

शरीरात शिरल्यावर हा विषाणू त्वचेतील संवेदी मज्जातंतूंच्या मार्गाने माकडहाडाजवळील मज्जागुच्छांपर्यंत जातो व तेथे निपचित पडून राहतो. या अवस्थेला 'लेटन्सी' किंवा सुप्तावस्था म्हणतात. तेथे औषध त्याला नष्ट करू शकत नाही आणि शरीराची रोगप्रतिकारशक्तीही त्याला हुसकावू शकत नाही. मधूनमधून तो जागा होतो व त्याच मज्जातंतूने परत त्वचेवर येतो. यास 'रिअ‍ॅक्टिव्हेशन' म्हणतात. त्यामुळे पुन्हा फोड उठले तर 'रिकरन्स' अर्थात पुनरुद्भव झाला असे म्हणतात. पुनरुद्भव म्हणजे पुन्हा बाहेरून झालेला संसर्ग नव्हे, हे रुग्णाच्या जोडीदाराला स्पष्ट सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

आता 'प्रायमरी' व 'फर्स्ट एपिसोड' या दोन शब्दांतील भेद पाहू. ज्याच्या रक्तात कोणत्याही प्रकारच्या हर्पिस सिम्प्लेक्सविरुद्ध प्रतिपिंडे नाहीत त्याला प्रथमच संसर्ग होऊन लक्षणे दिसली तर तो प्रायमरी, म्हणजे प्राथमिक प्रसंग. त्यात ताप, अंगदुखी, पुष्कळ फोड असा त्रास होऊ शकतो. उलटपक्षी, ज्याला पूर्वी एचएसव्ही-१ होऊन गेला आहे त्याला पुढे एचएसव्ही-२ चा संसर्ग झाला तर त्रास बहुधा सौम्य असतो. हा पहिला पण प्राथमिक नसलेला प्रसंग. आणि तिसरी शक्यता अशी की, संसर्ग अनेक वर्षांपूर्वी झाला, लक्षणे त्या वेळी जाणवलीच नाहीत, आणि डोळ्यांना दिसतील असे फोड आज प्रथमच उठले. एचएसव्ही-२ चा संसर्ग असलेल्या बहुसंख्य लोकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसते. तेव्हा विवाहाच्या दहाव्या वर्षी एखाद्याला प्रथमच व्रण झाला, तर त्यावरून 'संसर्ग गेल्या महिन्यातला' असा निष्कर्ष काढता येत नाही. तो विवाहापूर्वीचाही असू शकतो व दोघांपैकी कोणाकडूनही आलेला असू शकतो. फोडाच्या दिवसावरून संसर्गाची तारीख काढता येत नाही.

याच्याशी निगडित संज्ञा 'असिम्प्टोमॅटिक शेडिंग', म्हणजे लक्षणरहित विषाणुस्राव. फोड नसतानाही काही दिवशी त्वचेवर विषाणू येतो व तो जोडीदारापर्यंत पोहोचू शकतो. या आजाराचा प्रसार अधिकतर अशाच काळात होतो. संसर्ग देणाऱ्याने जाणूनबुजून काही लपविले, असे म्हणण्यास त्यामुळे आधार राहत नाही.

मात्र कपडे, भांडी, शौचालयाची बैठक यांवाटे हा आजार पसरत नाही. एकत्र कुटुंबात रुग्णाचे कपडे वेगळे धुण्याची सक्ती होते ती केवळ अज्ञानापोटी.

तपासणीच्या अहवालाचे वाचन

हर्पिसच्या तपासण्या दोन जातींच्या आहेत : विषाणू शोधणाऱ्या व विषाणूच्या खुणा शोधणाऱ्या.

पहिल्या जातीत व्रणावरील स्राव घेऊन 'पीसीआर' ही तपासणी करतात. तिच्यात विषाणूची जनुकीय सामग्री ओळखली जाते व प्रकारही कळतो. व्रण ताजा असताना केलेली पीसीआर हीच आजची सर्वांत विश्वसनीय तपासणी होय. 'त्झांक स्मिअर' ही जुनी पद्धत स्वस्त व झटपट असली तरी तिच्यावरून हर्पिस सिम्प्लेक्स की नागीण हेसुद्धा वेगळे सांगता येत नाही.

दुसऱ्या जातीत रक्तातील प्रतिपिंडे मोजतात. 'आयजीजी' व 'आयजीएम' ही त्या प्रतिपिंडांच्या दोन वर्गांची नावे. आयजीजी म्हणजे शरीराने जपून ठेवलेली स्मृती. ती संसर्गानंतर काही आठवड्यांनी तयार होते व जन्मभर टिकते. आयजीएम हे ताज्या संसर्गाचे चिन्ह, असा सर्वसाधारण नियम विद्यार्थी शिकतात. हर्पिसच्या बाबतीत हा नियम चालत नाही. जुन्या संसर्गाच्या पुनरुद्भवातही आयजीएम आढळू शकते, आणि ही तपासणी दोन प्रकारांत भेद करू शकत नाही. म्हणून हर्पिसच्या निदानासाठी आयजीएम वापरू नये, असे अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपल्याकडे ती अजूनही सर्रास केली जाते.

आयजीजीच्या अहवालात केवळ 'पॉझिटिव्ह' न पाहता दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तपासणी 'टाइप-स्पेसिफिक' म्हणजे प्रकारनिहाय आहे काय? '१ + २' असे एकत्र लिहिलेले असल्यास त्या पॉझिटिव्हवरून जननेंद्रियाच्या हर्पिसविषयी काहीच सिद्ध होत नाही. बालपणीचा ओठांवरील संसर्गही तेच दाखवील. दुसरी गोष्ट म्हणजे 'इंडेक्स व्हॅल्यू', अर्थात निर्देशांक. अनेक तपासण्यांत १.१ च्या वरचा निर्देशांक पॉझिटिव्ह धरला जातो. पण एचएसव्ही-२ च्या बाबतीत १.१ ते ३ यांमधील निकाल खोटे निघण्याचे प्रमाण इतके मोठे आहे की, दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय तो स्वीकारू नये.

'फॉल्स पॉझिटिव्ह', म्हणजे संसर्ग नसताना आलेला पॉझिटिव्ह निकाल, ही केवळ पुस्तकी शंका नव्हे. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०१६ मध्ये मांडलेले गणित असे : ज्या समाजात १५ टक्के लोकांना एचएसव्ही-२ आहे अशा समाजातील १०,००० लक्षणरहित व्यक्तींची रक्ततपासणी केली, तर सुमारे १,४८५ खरे व १,४४५ खोटे पॉझिटिव्ह निकाल येतील. म्हणजे जवळजवळ निम्मे खोटे. जेथे प्रत्यक्ष प्रमाण १५ टक्क्यांहून कमी असेल तेथे खोट्यांचा वाटा आणखी वाढेल. याच कारणास्तव लक्षणे नसलेल्यांची सरसकट रक्ततपासणी करू नये, ही शिफारस सदर कार्यदलाने २०२३ मध्येही कायम ठेवली.

आता प्रारंभीच्या अहवालाकडे वळू. 'टॉर्च' हे टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पिस व इतर काही संसर्ग यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेले नाव आहे. वारंवार होणाऱ्या गर्भपाताच्या कारणांचा शोध घेताना ही तपासणी सरसकट करणे निरुपयोगी असून ती बंद करावी, असे ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २००३ च्या मार्गदर्शिकेतच म्हटले होते. सदर स्त्रीच्या अहवालातून तिच्या गर्भपाताचे कारण कळत नाही, संसर्गाचा काळ कळत नाही, जागा कळत नाही व संसर्ग कोणाकडून आला हेही कळत नाही. 'पॉझिटिव्ह' हा शब्द प्रथम एचआयव्हीने व नंतर कोविडने आपल्या कानांत असा काही बसविला आहे की, त्यापुढे विचार थांबतो. पण येथे त्याचा अर्थ 'प्रतिपिंडे आढळली' यापलीकडे नाही.

गरोदरपणाशी संबंधित संज्ञा

गरोदरपणात हर्पिसचा खरा धोका निराळ्याच ठिकाणी आहे. 'निओनेटल हर्पिस', म्हणजे नवजात अर्भकास होणारा हर्पिस, क्वचित आढळतो. परंतु तो जीवघेणा ठरू शकतो. आईला प्रसूतीच्या सुमारास प्रथमच संसर्ग झाला तर बाळाला तो होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के असते. जुना संसर्ग असलेल्या आईच्या बाबतीत ती एक टक्क्याहून कमी असते, कारण आईची संरक्षक प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचलेली असतात. जी आयजीजी पाहून घर हादरले तीच बाळाची ढाल असते! कळा सुरू होताना व्रण किंवा पूर्वसूचना असल्यास सिझेरियन सुचविले जाते. केवळ पूर्वी हर्पिस होता म्हणून नव्हे. पुनरुद्भव होणाऱ्या स्त्रियांना छत्तिसाव्या आठवड्यापासून विषाणुरोधक औषध देण्याची पद्धत आहे. येथे जाता जाता एक सूचना : ओठावर फोड असलेल्या पाहुण्याने बारशाला बाळाचा पापा घेऊ नये.

उपचारातील शब्द

'असायक्लोव्हिर', 'व्हॅलासायक्लोव्हिर' व 'फॅमसायक्लोव्हिर' ही 'अँटिव्हायरल' म्हणजे विषाणुरोधक औषधे आहेत; प्रतिजैविके नव्हेत. असायक्लोव्हिरची खुबी अशी की, विषाणूच्या स्वतःच्याच एका विकरामुळे ते क्रियाशील होते. त्यामुळे बाधित पेशीत ते काम करते व निरोगी पेशीला फारसा धक्का लागत नाही. या संशोधनपरंपरेच्या अग्रणी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुनरुद्भवाच्या वेळी काही दिवस गोळ्या घेणे म्हणजे 'एपिसोडिक' उपचार. त्या पूर्वसूचनेलाच सुरू केल्यास अधिक उपयोग होतो. रोज दीर्घकाळ घेणे म्हणजे 'सप्रेसिव्ह' उपचार. दुकानातून मागून घेतलेल्या मलमाचा जननेंद्रियाच्या हर्पिसमध्ये फारच थोडा उपयोग असतो. प्रतिबंधक लस अद्याप उपलब्ध नाही.

'इन्क्युरेबल' या शब्दाचे भाषांतर सर्वत्र 'असाध्य' असे केले जाते, हे मला योग्य वाटत नाही. आयुर्वेदाने व्याधींचे साध्य, कष्टसाध्य, याप्य व असाध्य असे भेद केले आहेत. योग्य उपचाराने ताब्यात राहणारी पण समूळ न जाणारी व्याधी ती याप्य. हर्पिस याप्य आहे. एचएसव्ही-२ मुळे पहिल्या वर्षी साधारण चार वेळा पुनरुद्भव होतो, एचएसव्ही-१ मुळे एखाद्याच वेळी, आणि वर्षे जातील तसा दोहोंचा जोर ओसरत जातो.

जोडीदारासंबंधी

'डिस्कॉर्डंट कपल' या संज्ञेत भांडणाचा काही भाग नाही. दोघांपैकी एकाला संसर्ग आहे व दुसऱ्याला नाही, एवढाच तिचा अर्थ. अशा १,४८४ जोडप्यांवर केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाधित जोडीदाराने रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्यास दुसऱ्यास एचएसव्ही-२ होण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. निरोध नियमित वापरल्याने धोका आणखी कमी होतो, पूर्णतः जात नाही; कारण निरोधाने न झाकलेल्या त्वचेवरही विषाणू असू शकतो. फोड किंवा पूर्वसूचना असताना संबंध टाळावा. एचएसव्ही-२ असलेल्यास एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. म्हणून हे उपाय केवळ फोडांपुरते नाहीत.

'पार्टनर नोटिफिकेशन' म्हणजे जोडीदारास कळविणे. हे काम रुग्णाने एकट्याने, हातात अहवाल धरून करावे अशी अपेक्षा करणे कठोरपणाचे आहे. शासकीय रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशक असतात व दोघांनी एकत्र बसून त्यांच्याशी बोलता येते. त्या वेळी अहवालाची मूळ प्रत सोबत न्यावी आणि तीन प्रश्न विचारावेत : तपासणी प्रकारनिहाय होती काय, निर्देशांक किती होता, आणि व्रण प्रत्यक्ष कोणी पाहिला होता काय.